दीड महिन्याच्या डोसनंतर बाळाला ताप आला; आता पुढचा डोस द्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तीन महिन्यांची होत आली आहे. दीड महिन्याचे डोस गावातल्या उपकेंद्रात झाले. त्याच संध्याकाळी १०२ ताप आला, डावी मांडी सुजली आणि बाळ दीड-दोन तास कळवळून रडलं. अडीच महिन्यांच्या डोसची तारीख उलटून दोन आठवडे झाले. बाबांचं म्हणणं, वर्षाची होऊ दे, अंगात ताकद येऊ दे, मग बघू. आजी म्हणतात, आमच्या काळी कुठे होत्या एवढ्या सुया. नणंद म्हणते, शहरात नेऊन ‘पेनलेस’ द्या. आणि फोनवर आलेल्या एका व्हिडिओत सांगितलंय की गोवराच्या लशीने मुलं स्वमग्न (ऑटिस्टिक) होतात. या सगळ्यात आईने काय करायचं?

आधी उत्तर देतो, म्हणजे बाकीचं वाचेपर्यंत जीव टांगणीला राहणार नाही. पुढचा डोस द्या, आणि याच आठवड्यात द्या. तुम्ही जे लिहिलंय त्यातलं काहीही डोस थांबवण्याचं कारण होत नाही. ज्या कारणांनी आम्ही खरोखर थांबतो ती वेगळी आहेत. डोसनंतर काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत अंगभर गांधी उठून श्वास कोंडणं, किंवा डोसनंतरच्या सात दिवसांत बाळ बेशुद्ध होणं, शुद्ध हरपून सतत आकड्या येत राहणं. असं काही झालं असेल तर डांग्या खोकल्याचा घटक असलेला डोस पुन्हा देत नाहीत आणि पुढचं सगळं बालरोगतज्ज्ञ ठरवतात. तीन तासांहून जास्त वेळ एकसारखं, कशानेही न थांबणारं रडणं झालं असेल, किंवा बाळ एकदम पांढरंफटक आणि ढिलं पडलं असेल, तर डोस बंद होत नाही; फक्त कोणत्या प्रकारची लस द्यायची याचा विचार करावा लागतो. तुमच्या मुलीला यातलं काहीच झालेलं नाही.

तरीही ‘काही होत नाही हो, सगळ्यांनाच येतो ताप’ हे वाक्य मला आवडत नाही. रात्रभर तापलेलं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘काही होत नाही’ म्हणणं म्हणजे तिला खोटं ठरवणं. होतं. का होतं ते कोणी सांगत नाही, म्हणून मग व्हिडिओवाल्याचं खरं वाटायला लागतं.

सरकारी पेंटाव्हॅलंट लशीत पाच आजारांचा बंदोबस्त आहे: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ, आणि हिब नावाच्या जिवाणूमुळे होणारा मेंदूज्वर आणि न्यूमोनिया. यात डांग्या खोकल्याचा जो भाग आहे तो अख्ख्या मारलेल्या जिवाणूचा आहे. मेलेला असला तरी त्याच्या अंगावरचे हजारो घटक शरीराला दिसतात आणि शरीर कामाला लागतं. ताप आणि सूज बहुतेक त्यामुळे येते. साधारण निम्म्या बाळांना येते, पहिल्या दिवशी संध्याकाळी चढते, दोन दिवसांत ओसरते. ताप आला म्हणजे लस ‘बाधली’ असं नाही. आणि ताप आलाच नाही म्हणजे लस ‘लागली नाही’ असंही नाही. ही दुसरी शंकाही मला बऱ्याच आया विचारतात.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. दीड महिन्याला बाळाला तीन सुया होत्या: डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोकोकल या न्यूमोनियाच्या जिवाणूविरुद्धची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची छोटी सुई. शिवाय तोंडातून पोलिओ आणि (जुलाबांविरुद्धचे) रोटाचे थेंब. अडीच महिन्याला सरकारी वेळापत्रकात फक्त एकच सुई आहे, पेंटाची. बाकी दोन्ही थेंब. म्हणजे तुम्ही ज्या डोसला घाबरून थांबला आहात तो मागच्यापेक्षा हलका आहे.

बाबांच्या ‘वर्षाची होऊ दे’ बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरा धोका तिथे आहे. लस नकोच म्हणणारे लोक महाराष्ट्रात मला फार कमी भेटतात. थोडं थांबू म्हणणारे मात्र घरोघरी आहेत. त्यामागे प्रेमच असतं. पण या आजारांचं वय बघा. डांग्या खोकल्याने जी बाळं दगावतात ती बहुतांश सहा महिन्यांच्या आतली असतात. एवढ्या लहान बाळाला मोठ्यांसारखी खोकल्याची उबळही बऱ्याचदा येत नाही. ते नुसतं श्वास घ्यायचं थांबतं आणि निळं पडतं. हिबचा मेंदूज्वर मुख्यतः पहिल्या वर्षातला. रोटाचे जुलाब पहिल्या दोन वर्षांतले. रोटाची लस तर वर्ष उलटल्यावर सुरूच करत नाहीत. म्हणजे वर्षभर थांबायचं तर बाळाने धोक्याचा सगळा पट्टा उघड्या अंगाने पार करायचा आणि पलीकडे पोचल्यावर आपण छत्री द्यायची.

हे नुसतं तर्काने सांगत नाही. एका अख्ख्या देशाने हे करून पाहिलेलं आहे. १९७४-७५च्या हिवाळ्यात जपानमध्ये ट्रिपलच्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीनंतर दोन बाळं दगावली. लोक बिथरले, सरकारने लस थांबवली. काही महिन्यांनी पुन्हा सुरू केली, पण तुमच्या घरी चाललाय तोच विचार करून: दोन वर्षांची झाल्यावरच द्यायची. लस घेणाऱ्या बाळांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं ते १९७६पर्यंत १० टक्क्यांवर आलं. १९७४ साली त्या देशात डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते, मृत्यू एकही नव्हता. १९७९ साली सुमारे १३,००० रुग्ण झाले आणि ४१ मृत्यू.

आणि गंमत बघा, नणंदबाईंची ‘पेनलेस’ लस याच प्रकरणातून जन्माला आली. लोकांचा विश्वास परत मिळवण्यासाठी जपानी शास्त्रज्ञांनी अख्ख्या जिवाणूऐवजी त्याचे मोजके शुद्ध घटक घेऊन लस तयार केली आणि १९८१ साली ती तिथे सुरू झाली. खाजगी दवाखान्यात मिळते ती त्याच जातीची. सुई टोचल्यावर दुखायचं ते दुखतंच, फक्त नंतरचा ताप, सूज आणि रड बरीच कमी असते. मग सगळ्यांना तीच का देत नाहीत? पैसा हे एक कारण आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण दुसरंही आहे. या लशीचं डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. अमेरिकेने १९९० च्या दशकात पूर्णपणे ती घेतली, आणि २०१० साली एकट्या कॅलिफोर्नियात डांग्या खोकल्याचे नऊ हजारांहून जास्त रुग्ण झाले, दहा तान्ही बाळं गेली.

त्यामुळे माझं मत असं: परवडत असेल आणि दोन दिवसांचा ताप सहन होत नसेल तर खाजगीतली लस द्या, चूक नाही. पण ती ‘चांगली’ आणि सरकारी ‘हलकी’ असा समज करून घेऊ नका. आणि पैशांची जमवाजमव होईपर्यंत डोस लांबवणं तर मुळीच नको. काही दवाखान्यांत ‘सरकारी देऊ नका, त्यात ताप येतो’ असं सांगून पालकांना घाबरवलं जातं. मला त्याचा राग येतो. उपकेंद्रातली गोवर-रुबेलाची लस बहुधा पुण्यातच बनलेली असते, पेंटा पुण्याची नाहीतर हैदराबादची. जगातल्या कितीतरी देशांची बाळं हीच लस घेतात.

आजींचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांना एक प्रश्न विचारा: तुम्ही किती भावंडं होतात आणि त्यातली किती मोठी झालात? आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक आज्या या प्रश्नावर बोटं मोजायला लागतात. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी १२९ वर्षाच्या आत जात होती. २०२० साली हा आकडा २८ होता, महाराष्ट्रात १६. हे सगळं लशींनी केलं असं मी म्हणणार नाही. पाणी, दवाखान्यातली बाळंतपणं, ओआरएस, आईचं खाणंपिणं या सगळ्याचा वाटा आहे. पण नवजात बाळाचा धनुर्वात, ज्याला पूर्वी खेड्यात ‘आठव्या दिवसाचा’ म्हणून घाबरायचे, तो २०१५ साली देशाने जवळपास हद्दपार केला. पोलिओचं तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. २००९ साली भारतात ७४१ मुलांना पोलिओ झाला, २०१० मध्ये ४२ जणांना, आणि १३ जानेवारी २०११ नंतर एकालाही निसर्गातल्या विषाणूचा पोलिओ झालेला नाही. पोलिओच्या थेंबांनी मुलं होत नाहीत, अशी अफवा तेव्हा उत्तर प्रदेशात पसरली होती. तीच अफवा २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत आपल्याकडेही फिरली. थेंब घेतलेली ती मुलं आता आईबाप झाली आहेत, त्यामुळे या अफवेला माझ्याकडून जास्त ओळी देत नाही.

एवढ्या सुया एकदम सोसतील का, असंही आजींना वाटत असणार. आजच्या आईबाबांना त्यांच्या लहानपणी जी ट्रिपल दिली होती, तिच्यातल्या अख्ख्या जिवाणूत हजारो घटक होते. त्यानंतरच्या वर्षांत ज्या लशी वाढल्या, त्या सगळ्यांचे मिळून त्यात काही डझन घटकांची भर पडते. सुया वाढल्या, शरीरावरचं ओझं जवळपास तेवढंच राहिलं.

आता व्हिडिओ. १९९८ साली इंग्लंडमधल्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने बारा मुलांवरचा एक लेख ‘लॅन्सेट’ नियतकालिकात छापला आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला. बारा मुलं. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने उकरून काढलं की लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलांकडून या डॉक्टरला पैसे मिळाले होते आणि मुलांच्या नोंदी छापलेल्या माहितीशी जुळत नव्हत्या. २०१० साली लॅन्सेटने लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी तिथल्या वैद्यकीय परिषदेने त्याची डॉक्टरकी काढून घेतली. दरम्यान अनेक देशांत हा संबंध तपासला गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचं प्रमाण सारखंच निघालं.

मग आयांना तसं का वाटतं? कारण वेळ जुळते. स्वमग्नतेच्या खुणा दीड वर्षाच्या आसपास लक्षात यायला लागतात, आणि गोवराचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो. ‘डोस दिला आणि महिन्याभरात बोलायचं थांबला’ असं सांगणारी आई खोटं बोलत नसते. पण न घेतलेल्या मुलांतही तसंच, त्याच वयात होतं. ही भीती मनात असेल तर तिचा उपयोग करा: बाळ वर्षाचं झाल्यावर नावाने हाक मारली तर वळून बघतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का, तुमच्या डोळ्यांत बघून हसतं का, हे बघा. शंका आली तर ‘मुलगे उशिरा बोलतात’ वगैरे ऐकत बसू नका. जिल्हा रुग्णालयात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे दाखवा. लवकर सुरुवात केली तर खूप फरक पडतो.

गोवराबद्दल अजून एक. ‘गोवर काय, सगळ्यांनाच निघायचा’ हे मी अजूनही ऐकतो. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडी, तसंच भिवंडी, मालेगाव भागात गोवराची साथ आली. कोविडच्या दोन वर्षांत राहून गेलेले डोस आणि दाटीवाटीची वस्ती, एवढं पुरलं. मुलं दगावली, आणि त्यांतली बरीचशी लस न घेतलेली होती. साथीच्या भागात तेव्हा नऊ महिन्यांची वाट न पाहता सहाव्या महिन्यापासून एक जास्तीचा डोस द्यावा लागला. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो. आजारी मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहतो. आणि अंगावरचं पुरळ गेलं म्हणजे गोवर संपला असं नसतं. शरीराने पूर्वीच्या आजारांविरुद्ध जमवलेली प्रतिकारशक्तीही तो पुसून टाकतो, म्हणून गोवरानंतर कित्येक महिने मुलाला न्यूमोनिया, जुलाब होत राहतात. आजींच्या आठवणीतलं ‘गोवर झाल्यापासून पोर खंगलं’ ते हेच.

लशीत पारा, ॲल्युमिनियम असतं अशीही भीती घातली जाते: गोवराच्या लशीत पारा कधीच नव्हता. पेंटाच्या अनेक डोसांच्या कुपीत थायोमर्सल हे पाऱ्याचं संयुग असतं, ते शरीरातून लवकर निघून जातं. डेन्मार्कने ते १९९२ सालीच बंद केलं, तरी तिथे स्वमग्नतेचं निदान वाढतच गेलं. ॲल्युमिनियमचे क्षार लशींत १९३० च्या दशकापासून आहेत. एवढं पुरे.

दुर्मिळ धोके मात्र खरे आहेत आणि ते सांगायलाच हवेत. तीव्र ॲलर्जी दहा लाख डोसांत एखाद्याला होते. म्हणून अर्धा तास केंद्रातच बसवून ठेवतात. तेवढं बसा, दुकानात काम आहे म्हणून निघू नका. गोवराच्या लशीनंतर एक-दीड आठवड्याने ताप येऊ शकतो आणि काही हजारांत एका मुलाला त्या तापात आकडी येते. दिसायला भयंकर, पण त्यातून मेंदूला इजा होत नाही. रोटाच्या थेंबांनंतर क्वचित आतड्यात आतडं अडकतं. पोलिओच्या थेंबांनी लाखो डोसांमागे एखाद्याला लुळेपणा येऊ शकत होता, म्हणून तर सुईतली पोलिओ लस जोडली आणि एप्रिल २०१६ मध्ये थेंबांमधला दुसऱ्या प्रकारचा विषाणू काढून टाकला.

आणि कधीकधी लस निर्दोष असते पण देताना चूक होते. गोवराची लस भुकटीच्या रूपात येते. ती कालवल्यावर चार तासांत संपवायची असते, उरलेली फेकायची असते. आपल्या देशात हा नियम न पाळल्याने बाळं गेलेली आहेत. त्यामुळे पालकांनी विचारायला लाजू नये. ‘सिस्टर, ही कुपी किती वाजता कालवली?’ हा उद्धट प्रश्न नाही. कुपीवर एक वर्तुळ आणि त्यात छोटा चौकोन असतो. चौकोन भोवतालच्या वर्तुळापेक्षा फिकट हवा. तो वर्तुळाइतकाच किंवा जास्त गडद झाला असेल तर लस उन्हात, गरमीत राहिलेली आहे, घेऊ नका. सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे.

घरी आल्यावर. ताप येईल म्हणून आधीच औषध पाजू नका. ताप किंवा दुखणं सुरू झालं तर द्या. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं असतं, एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. इथे एक चूक फार होते. थेंबांच्या छोट्या बाटलीत बहुधा एका मिलीलीटरमध्ये १०० मिलीग्रॅम औषध असतं, तर सिरपच्या पाच मिलीलीटरमध्ये १२५ किंवा २५०. शेजारणीने सांगितलेला ‘अर्धा चमचा’ थेंबांच्या बाटलीतून दिला तर पाच किलोच्या बाळाला तिप्पट ते पाचपट औषध जातं. बाटलीवरचा आकडा वाचा आणि सिस्टरकडून किती मिलीलीटर ते कार्डावर लिहून घ्या. मांडीला स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवली तरी बरं वाटतं. चोळणं, शेकणं, बाम, हळद, बटाट्याचा काप यातलं काही नको. अंगावर पाजत राहा. दंडावरची बीसीजीची (क्षयाच्या लशीची) फोडी मध्येच पिकली असेल तर तिलाही काही लावू नका, ती तशीच असते.

दवाखाना गाठायचा तो या वेळी: ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ अंगावर पीत नाही, उठवून उठत नाही, आकडी आली, तीन तास रड थांबत नाही, सतत उलट्या किंवा शीतून रक्त जातंय. हे डोसमुळेच आहे असं धरून घरी बसू नका. तीन महिन्यांच्या बाळाला योगायोगाने त्याच दिवशी दुसरा आजारही सुरू झालेला असू शकतो.

राहिलं वेळापत्रक. डोस चुकला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, जिथे थांबलात तिथून पुढे. या आठवड्यात पेंटाचा दुसरा डोस आणि पोलिओ, रोटाचे थेंब. त्यानंतर चार आठवड्यांनी पेंटाचा तिसरा, पीसीव्हीचा आणि पोलिओच्या सुईचा दुसरा, शिवाय दोन्ही थेंब. त्या दिवशी तीन सुया असतील, मनाची तयारी ठेवा. मग थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. साधी सर्दी, खोकला किंवा दात येत असले तरी तारीख पुढे ढकलू नका. जाताना कार्ड घ्या आणि मागच्या वेळी किती ताप आला, किती वेळ रडली ते सुई देण्याआधी सिस्टरना सांगा. बाबांना सोबत न्या. त्यांच्या शंका घरात तुमच्याशी वाद घालण्यापेक्षा तिथे त्यांनी स्वतः विचारलेल्या बऱ्या.